उघाडी

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या आठवड्यात
दिवाळ्याच्या बंदरावर कंटेनर आला.
दोनशे लोकरी कांबळी, काठावर न वाचता येणारी लिपी.
घामानं निथळत आम्ही ती मोजून घेतली.

मग मॅडम आल्या, गमबूट घालून,
आणि मी दुभाषी.
त्या म्हणाल्या, पैसे आहेत, पण काम शाश्वत हवं.
मी म्हटलं, शाश्वत.
पदीबाई म्हणाली, म्हंजे काय गो?
मी म्हटलं, टिकाऊ.

"टिकाऊ तं सुकट पन असतं.
मीठ लावाय लागतं, रोज परताय लागतं,
कावल्यांवर नजर ठेवाय लागते.
इचार त्यांना, परतनार कोन?"

मी अडखळले.
परतणं म्हणजे उलटवणं, की माघारी येणं?
दोन्ही विचारलं.
मॅडम बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या.

समाजमंदिरात रात्री दोनपर्यंत भांडण.
जोमाची होडी पुलाच्या खांबावर फुटलेली,
त्याला इंजिन हवं होतं. त्याचं चूक नव्हतं.
पण खारबांधाची उघाडी कुजली होती,
भरती आली की खाडी सरळ चुलीपर्यंत.
हात वर झाले ते उघाडीसाठी.
जोमा चार महिने कुणाशी बोलला नाही.

दुसरा हप्ता एका सहीसाठी सहा महिने अडला.
तोवर म्हाताऱ्यांनी जुनी जोळ पुन्हा बांधली:
घरटी एक माणूस, एक दिवस, बांधावर चिखल.
फॉर्मात रकाना होता, स्थानिक योगदान, रुपयांत.
चिखलाचा भाव मी कुठून आणू?
अंदाजे लिहिला. अजून खटकतो.

यंदा भादव्याच्या उधाणात
मध्यरात्री झडप आपोआप बसली, धप्प.
पदीबाई कंदील घेऊन गेली, तिनं लाकडाला कान लावला.
पलीकडे पाणी होतं.
अलीकडे जोमाचं घर कोरडं,
अंगणात होडी अजून तशीच, पालथी.

मॅडमची बदली झाली, कुठल्याशा भूकंपाच्या देशात.
मेलमध्ये लिहितात, लाभार्थ्यांचा एखादा फोटो पाठवा.

मी कांबळ्यांचा पाठवला.
बंदरावर पहाटे
मासळीच्या पेट्यांतल्या बर्फाभोवती
आम्ही ती घट्ट गुंडाळतो,
दुपारपर्यंत बर्फ टिकतो.
वास येतो म्हणा.
रविवारी धुतो, बांधावर वाळत घालतो,
आणि मधे एकदा परततो.