होळीबाईचा ळ

नंदुरबार, स्टेशन रोड, पिंजारी ऑफसेट.
माळ्यावर मी आणि दोन पंखे, त्यातला एक चालतो.

धडगावहून रुमाल्या पावरा आलाय.
बायकोच्या दिवसांची पत्रिका, दीडशे प्रती,
अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत;
उच्छलकडचे सोयरे तेवढीच लिपी वाचतात.

गुजराती सोपी गेली. तिला डोक्यावर रेघ नाही,
शब्द मोकळ्या केसांनी बसतात.
फक्त मराठीशेजारी ओळी खुज्या दिसतात,
म्हणून दीड पॉइंट वाढवला.

अडलं ते मराठीतच.
नावासाठी त्यानं अल्बममधून निवडलेला फॉन्ट
(वाचून नाही, वळण पाहून)
कुठे तरी हिंदी मुलखात घडलेला,
आणि नाव होळीबाई.
पडद्यावर हो, मग रिकामा चौकोन,
चौकोनाला टेकून एक बेवारस वेलांटी,
मग बाई.

खालून इस्माईलभाई: "काय व्हयनं, ताई?"
काही नाही म्हटलं.
बातम्यांच्या फॉन्टातून ळ उसना आणला,
कडा घासल्या, रेघेला रेघ जोडली,
तरी तो जाडच राहिला, केसभर खाली.

रुमाल्यानं प्रूफ खिडकीशी धरलं.
बोट रेघेवरून नेलं,
नेमकं तिथे थांबवलं.
"हा इथं कोण बसलाय?"
ळ आहे म्हटलं, होळीतला. बाहेरून आणलाय.
अख्खं नाव बदलून देऊ का दुसऱ्या फॉन्टात?

तो बराच वेळ पाहत राहिला.
"नको. तीपण आमच्या पाड्यात बाहेरूनच आलेली."

छापताना त्या एका अक्षराला शाई जास्त लागली.
इस्माईलभाईंना सांगितलं नाही.