आतलं माप

रात्री साडेअकरा. उद्यमनगरातली शेवटची लेथ थांबली,
हाताला अजून कूलंटचा वास.
मोबाईलवर त्याला विचारलं, जरा दबकतच:
रोड बाईक घ्यायची आहे. वय चौपन्न.
हसू नको.

तो हसला नाही. त्याला येत नसावं.
उंची विचारली, वजन विचारलं, बजेट विचारलं,
आणि मग, पायाचं आतलं माप किती?

बत्तीस वर्षं मी मापं घेतोय,
शाफ्टची, बुशची, पिस्टनची,
एका सुताचा फरक बोटाला कळतो, डोळे मिटून.
माझं माप कुणी मागितलं नव्हतं
लग्नातल्या सफारीनंतर.

अनवाणी उभा राहिलो, पाठ भिंतीला,
दोन्ही पायांत पोरीची फिजिक्सची वही दाबून धरली,
चुन्यावर पेन्सिलीची खूण केली.
एकोणऐंशी सेंटिमीटर, वर एक सूत.
सूत त्यानं सोडून दिलं.
म्हणाला, चौपन्नची फ्रेम बसेल.
म्हटलं, वयाएवढीच.
म्हणाला, वा, छान योगायोग!
एवढं गोड बोलणारा माणूस
आमच्या गल्लीत आठवडाभर टिकला नसता.

कार्बन की ॲल्युमिनियम?
ॲल्युमिनियम ओळखीचं आहे, लिहिलं मी.
वितळलेलं बघितलंय, मुशीत
चांदीच्या दह्यागत थरथरताना.
कार्बनशी आमचं बोलणं नाही.

मग त्यानं विचारलं, कशासाठी घेताय?
तब्येत, स्पर्धा, लांबचा प्रवास.
तिन्हीत मी कुठं सापडेना.
बराच वेळ नुसती रेघ लुकलुकत होती.
लिहिलं: जिनाप्पा मगदूम. पुसलं.
लिहिलं: वाघबीळ.

आयटीआयचं वर्ष. तासाच्या भाड्यानं आणलेल्या दोन सायकली,
एकीला ब्रेक नाही, एकीला घंटी नाही,
पन्हाळ्याला निघालो आणि वाघबीळला उतरलो,
ढकलत ढकलत वर.
जिनाप्पा म्हणाला, फुडच्या खेपेला उतरायचं न्हाई.
पुढची खेप झालीच नाही.
तो आता भोसरीत असतो. गुडघा बदललाय त्यानं.
दिवाळीला फोन करतो आणि प्रत्येक वेळी
त्या बिनब्रेकच्या सायकलीचं भाडं माझ्याकडं मागतो.

हे सगळं काही त्याला सांगितलं नाही.
त्यानं चढाचं गणित केलं, मागचे दात मोजले,
म्हणाला, रस्ता चांगला आहे, टायर बारीक चालतील.

इथं मात्र मी त्याला धरला.
म्हटलं, भावा, तू कधी कारखाना सुरू झाल्यावर
केर्लीकडनं आलायस का?
दोन दोन ट्रॉल्या, पुढं गाणी, मागं ऊस,
रस्त्याभर पाचट, त्यावर दव,
आणि टायरखाली चेंगरलेली चिकट कांडी.
बारीक टायर म्हणजे थेट सीपीआर.

क्षणभर थांबला.
हे मला माहीत नव्हतं, म्हणाला. बत्तीसचा टायर घ्या.
चूक अशी सरळ कबूल करणारा
मी तरी आमच्या धंद्यात बघितला नाही,
माझ्यासकट.

शेवटी विचारलं, घरी किंमत किती सांगू?
खरी सांगा.
झालं. फोन उशाखाली ठेवला.
इतका शहाणा, आणि शैलजाला ओळखत नाही.

सकाळी सांगितली. खरी.
ती तांबड्या रश्शाला खोबरं भाजत होती.
एवढ्यात गाडी आली असती, पेट्रोल घालून, म्हणाली.
मग खोबरं करपायला आलं, गॅस बारीक केला,
आणि तिकडंच तोंड ठेवून:
माझं बी माप इचार की त्याला.

वही तीच. भिंत तीच.
पदर खोचून ती ताठ उभी राहिली, पोरीसारखी श्वास धरून,
आणि मी गुडघ्यावर बसून खूण केली.

माझ्या खुणेच्या तीन सूत खाली.
तीनच.
सव्वीस वर्षं मला वाटत होतं,
बाई बुटकी आहे.