ड्रमला ओढ नाही

तेलाचा ड्रम, अनगोळच्या भंगारातून, साडेसहाशेला.
आत लाकडं पेटवून आधी तेलाचा वास जाळला,
मग आडवा कापून बिजागऱ्या लावल्या.
रविवारी सकाळी सातला इनासनं
रात्रभर मिठात मुरवलेलं डुकराचं मांस जाळीवर मांडलं.
दुपारचे दोन झाले तरी ते करडंच होतं
आणि आम्ही तिघं रडत होतो.

‘होगे,’ बसलिंग म्हणाला, डोळे पुसत.
मी म्हणालो, धूर.
धुंवर, म्हणाला इनास, कॅम्पातल्या त्याच्या परसात
तीन भाषांत खोकून झालं.

झाकण लावलं की विझते,
उघडलं की भडकते.
हा आजार माझ्या ओळखीचा.
एकतीस वर्षं उद्यमबागेत क्युपोलावर काढली;
आत काय चाललंय ते न बघता सांगायचो,
ब्लोअरच्या आवाजावरनं,
टुयेरच्या काचेतल्या रंगावरनं.
नंतर विजेची भट्टी आली, बटणावर लोखंड पातळ व्हायला लागलं,
आणि वाऱ्याबद्दल मला कोणी काही विचारेना.

‘काय बघूलालास?’ बसलिंग.
‘नाक बघूलालोय ह्याचं.’
खाली एकच भोक, रुपयाएवढं,
त्यातही निम्मी राख.
एवढ्या नाकानं कोण जगेल?

आणि धुराडं त्याच अंगाला, भोकाच्या बरोबर वर!
वारा आत यायचा आणि उभ्या उभ्याच जायचा,
चहाला नको म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.
मांसापर्यंत गेलाच नाही बिचारा.
(वेल्डिंग माझंच. हे मी तेव्हा बोललो नाही.)

लाकूड जांभळाचं, जांबोटीहून आलेलं,
वाळलंय म्हणून वखारवाल्यानं शपथ घेतलेली.
ढलपी फोडून गालाला लावली.
गार.

मग इनासच्या बायकोकडनं उदबत्ती मागून घेतली.
‘आता पूजा?’ ती म्हणाली.
पेटती उदबत्ती झाकणाच्या कडेनं हळूहळू फिरवली:
इथं धूर सरळ,
इथं सरळ,
इथं मात्र आत ओढला गेला, सापानं जीभ घ्यावी तसा.
खडूनं खूण केली.
अशा अकरा खुणा.

काटा तर सरळसरळ खोटारडा.
उकळत्या पाण्यात बुडवला तर एकशे अठरा दाखवतो.
आपलं बेळगाव उंचावर, पाणी इथं
शंभराच्या थोडं आधीच उकळतं.
वीस अंश हा मनानं घालतो.
त्याच्यावर विसंबून आम्ही आग दाबत बसलो होतो.

आठवडाभर तीन म्हाताऱ्यांना दुसरा धंदा नव्हता.
धुराडं कापून पलीकडल्या टोकाला नेलं, हातभर उंच केलं.
भोकं तीन केली, त्यांच्यावर
चहापूडच्या डब्याचं झाकण, खिळ्यावर फिरणारं.
खाली जाळी, राख पडायला जागा.
कडेला काचदोरी, आणि अकरा खुणांवर
जुन्या फौंड्रीतनं मागून आणलेली भट्टीची माती.
वॉचमननं विचारलं, कशाला?
सांगितलं. तो हसला आणि दोन पाट्या जास्तीच्या दिल्या.

दुसऱ्या रविवारी भोकाशी तळहात धरला.
हातावरचे केस वाकले.
वर धुराड्यातनं
पातळ, निळसर, नीट बघितलं तरच दिसेल असा धूर,
आणि ड्रमच्या पोटातनं तो आवाज,
खालच्या पट्टीतला, लांबलेला हुं.
मी ‘गप्प बसा जरा’ म्हणालो.
बसलिंगला वाटलं काहीतरी बिघडलं.
काही नाही. ऐकत होतो.

पाच तासांनी हाड हातानं सुटलं.
इनासनं पहिला तुकडा तोंडात टाकला, आणि मग बराच वेळ
कुठल्याच भाषेत काही बोलला नाही.

डावा कोपरा अजून जास्तच तापतो.
मध्ये पत्रा घालून बघितला, वाकडा करून बघितला,
चाळीसेक अंशांचा फरक जात नाही.
सध्या बसलिंगचा वाटा तिकडं ठेवतो.
त्याला करपलेलं आवडतं,
असं आम्हीच ठरवलंय.