आठ बारा, बारा आठ

सियागंजातल्या नेमाजींना हवेत
लग्नाच्या मिठाईसाठी टोकदार डबे.
दोन नमुने चिकटवले:
पाया आठ, उंची बारा.
पाया बारा, उंची आठ.
"ह्यात जास्त मावेल,"
नेमाजींचं बोट उंच डब्यावर.

केतकी नववीत.
पायाचा वर्ग, गुणिले उंची, भागिले तीन.
दोनशे छप्पन्न. तीनशे चौऱ्याऐंशी.
पटेना.
मग डबे उलटे धरून
तिने उंच डबाभर बारीक शेव
बुटक्यात ओतली.
वर अजून अर्धा डबा मावली.

"हो, पण दिसायला?"
ऑर्डर उंच डब्यांचीच. चारशे.

पुठ्ठा कापतेय.
चौकोनी खोक्याचं टोक करताना
तीनातले दोन भाग जातात कुठे,
विचारायचं राहिलं.
शेव सकाळी पोह्यांवर संपली.