नऊ इंच

दवाखान्याच्या या पाच पायऱ्या माझ्या हातच्या.
नकाशात आठ होत्या.
मी तेव्हा छत्तीसचा, मांड्या बाभळीच्या ओंडक्यासारख्या.
म्हटलं, आठ कशाला, नऊ इंचानं उचलू, पाचात बसतंय काम.
साहेबानं मान हलवली. त्याचेही गुडघे तरुणच होते.
तीन पायऱ्यांचं सिमेंट उरलं
ते माझ्या घरी गेलं, न्हाणीच्या जमिनीला.
अशी घोटली होती मी ती, की
हलीमा म्हणायची, यात तोंड दिसतंय.

आज मंगळवार. बीपी-साखरेचा वार.
तासगावच्या वाटेवरल्या बेदाणा शेडचा गंधकाचा वास येतोय
आणि पहिल्या पायरीपाशी आम्ही अकरा जण.
हौसाबाई आधी काठी ठेवते, मग डावा पाय,
मग थांबते, पायरीनं हो म्हणायची वाट बघत.
अण्णाप्पा मगदूम वर पोचतो तेव्हा
घरनं निघालेलं बीपी राहिलेलं नसतं.
गोळी वाढवून मिळते त्याला. पायरीच्या नावची गोळी.
नाव एकदाच पुकारतात, तेही पंख्याच्या घरघरीत.
बाकडं इतकं बुटकं की बसलेलं माणूस
दुसऱ्यानं उपटून काढावं लागतं, भुईमुगासारखं.

गेल्या मंगळवारी मी तिसऱ्या पायरीवर अडकलो.
वर जाता येईना, खाली बघवेना.
जतकडची नवी सिस्टर मशीन घेऊन खाली आली,
पायरीवरच बसली शेजारी, दंडाला पट्टा गुंडाळला.
"चाचा, पाच मिनिटं गप बसा. मग बघू."
पाच मिनिटं.
आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच कामावर बसलो होतो.
"कुणी बांधल्या असतील हो या?" तिनं विचारलं.
पट्टा फुगत होता.
बोलायचं नसतं तेव्हा.

संध्याकाळी सरपंचाच्या दारात गेलो, खरं ते सांगितलं.
तो हसला. "चाळीस वर्षांनी चोरी कबूल करताय, बाबालालचाचा?"
मग हसायचा थांबला.
त्याची आई त्या अकरांतलीच.

उतार आखायला सगळी आली.
फुटाला बारा फूट, म्हणजे पंचेचाळीस फूट,
लिंबाला वळसा घालून, मधे दम खायला सपाट जागा.
हौसाबाई म्हणाली, कठडा जाड नको, मुठीत मावंल असा कर.
अण्णाप्पा म्हणाला, दोन्ही अंगांना कर, माझा उजवा हात गेलाय.
चौगुल्यांची सुशीला काहीच बोलली नाही,
विटेच्या तुकड्यानं ओढलेल्या रेघेवरनं नुसती चालत गेली,
टोकाला पोचली, परत आली.
परत गेली.

थापी आता नातवाच्या हातात. मी खुर्चीत, ओरडायला.
पोरानं काम घोटलं, आरशासारखं,
आणि माझ्याकडं बघितलं, शाबासकीला.
हलीमा न्हाणीत पडली तेव्हाही जमीन अशीच चमकत होती.

"खराटा आण," म्हणालो.
तो बघतच राहिला.
ओल्या सिमेंटवर मीच वाकलो,
आडव्या रेघा ओढत गेलो, खरखरीत, वाकड्यातिकड्या,
ज्या हातानं जन्मभर एक ओरखडा राहू दिला नाही
त्याच हातानं.

आता सात दिवस पाणी मारायला लागंल.
तोवर, या मंगळवारी,
सिस्टर खालीच बसणार आहे.