साडेतीन इंच

इडवलच्या गॅरेजात जॅकवर उभी आहे मिनी,
एकोणसत्तर सालची, वाळल्या शेवाळाच्या रंगाची,
चारही पाय अनवाणी.
भिंतीशी टेकलेत तिचे सहा इंची बूट,
इथेलने पहिल्या पगारातून आणलेले.
कमानीत मावेनात,
म्हणून त्याने पत्रा कापून
वर काळ्या प्लास्टिकच्या भुवया चिकटवल्या.
अंगापेक्षा बोंगा मोठा,
आई बोलली होती तेव्हाच, भांडी घासता घासता.

इडवल फार बोलत नाही.
टायरला खडू फासतो,
खाली जुनं वर्तमानपत्र सरकवतो,
जॅक हळूच उतरवतो, पुन्हा चढवतो.
मग मला दोन ठसे दाखवतो:
रुंद टायरचा, आखूड, आडवा,
दार अडवून उभ्या माणसासारखा.
जुन्या अरुंदाचा, लांबट,
ओल्या वाळूतल्या पावलासारखा.
"मोज, नेस्टा."
मी पट्टीने मोजते.
हवा तेवढीच, ओझं तेवढंच,
जागाही जवळजवळ तेवढीच निघते.
"म्हणजे रुंदीने जास्त जमीन मिळत नाही?"
"आकार बदलतो," तो म्हणतो,
आणि चहा ओततो, बिनसाखरेचा, न विचारता.

इथेल शपथेवर सांगायचा, रुळावर चालल्यासारखी वळते.
जूनमध्ये, कोरड्या रस्त्यावर, खरंच वळायची.
मी शेजारी बसून दाराची कडी धरायचे
आणि गाडी तसूभर सरकायची नाही.
पण ट्रॅक्टरने पाडलेली प्रत्येक चाकोरी
तिला आपली वाटायची,
सरळ रस्त्यावरही सुकाणू ओढून न्यायची
हट्टी पोरासारखी, जत्रेत, खेळण्यांच्या दुकानाकडे.
बेअरिंगं दोनदा गेली.
गाडी उभी असताना वळवायची
तर माझे खांदे भरून यायचे.

मग ऑक्टोबर. बालाहून फेस्तिनियोगकडे,
माळावरचं ते डावं वळण, पाणी साचलेलं.
एवढीशी गाडी, एवढे रुंद पाय,
पाणी कापलंच गेलं नाही, ती वरच तरंगली.
ना किंचाळी, ना थरथर.
धरलं होतं, धरलं होतं,
आणि एकदम काहीच धरलेलं नव्हतं.
दगडी बांध फोडून आम्ही मेंढ्यांत.
इथेल हसत सुटला, कपाळावर रक्त,
मेंढ्या चावायच्या थांबून बघत राहिल्या.

डिसेंबरात तो गेला, अल्बर्टाला.
आदल्या रात्री आमच्याबरोबर जेवला,
बटाटे आणखी मागून घेतले,
सकाळी खोली रिकामी.
आई महिनाभर त्याच्या खोलीचं दार
उघडं ठेवायची, मग बंद ठेवायला लागली.

आज साडेतीन इंची रिंगा, जुन्याच मापाचे टायर,
मी स्वतः नट आवळले, इडवलने पुन्हा आवळले.
त्याच रस्त्याने निघाले, पाऊस तिरका,
सुकाणू इतकं हलकं की बोटांना
खडी न् खडी मोजता येते.
डाव्या वळणाआधी मी मुद्दाम पाय उचलला नाही.
टायर कुरकुरले.
मग जरा मोठ्याने.
पुढची चाकं बाहेर सरकू लागली, सावकाश,
बाकावर कुणाला जागा करून द्यावी तशी,
आणि मला वेळ मिळाला
सुकाणू सैल सोडायला, वेग उतरवायला,
"बरं बाई, कळलं" म्हणायला.

उन्हाळ्यात डोंगर चढायच्या शर्यतीत
पोरं मला मागे टाकतील, टाकू देत.
कोरड्या डांबरावर अरुंद चाक हरतं,
हे इडवललाही मान्य आहे.

बांधाचे नवे दगड अजून फिकट आहेत.
तिथे थांबून मी डब्यातला पाव खाल्ला.

रुंद चाकं विकणार होते.
तीन विकलीही, पोर्थमदोगच्या एका पोराला,
"ओल्या रस्त्यावर सांभाळ" एवढंच म्हणाले,
त्याने ऐकलं नाही, ऐकणारही नव्हता.
चौथ्या टायरात आमची तांबडी कोंबडी बसलीय,
उठतच नाही.