सहाशे बारा ग्रॅम

खाणीच्या वजनकाट्यावर एकवीस वर्षं बसलो.
काचेची खोली, काचेवर तांबडी धूळ.
ट्रक चढायचा, काटा थरथरायचा, चौदावर थांबायचा,
आणि मी पावतीवर लिहायचो दहा.
तसंच लिहायचं असतं, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.
अक्षर माझं छान होतं.

खाण बंद पडली, तेव्हा वेळग्यातल्या घरामागे
दोन हात खड्डा खणला.
कुदळीला जांभा लागायचा, ठिणगी उडायची.
तीच माती. एवढी वर्षं मी तिला
फक्त वजन म्हणून पाहिलं होतं.
शेण घातलं, चुलीतली राख, फणसाचा कुजका पाला.

बी शेजारच्या कितेरियाचं.
लिस्बनच्या भावाने नाताळच्या कार्डात घालून पाठवलेलं,
अकरा दाणे, पातळ कागदात.
"बैलाच्या काळजाएवढी होतात तिकडे," ती म्हणाली,
आणि बैलाचं काळीज केवढं
ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या वर्षी सगळ्या फळांची बुडं काळी पडली.
कितेरियाने कुंपणावरून पाहिलं.
"तिसऱ्या खाता ना तुम्ही?
मग शिंपल्या टाकता कशाला?"
तेव्हापासून शिंपल्या भाजतो, खलात कुटतो.
हात पांढरे होतात.
तांबड्याची सवय असलेले हात,
सुरुवातीला माझे वाटायचे नाहीत.

दुसऱ्या वर्षी मोर आले.
पाहुण्यांनी फोटो काढले. मी काठी घेऊन धावलो.

यंदा दिवाळी उलटल्यावर रोपं लावली.
बांबूला बांधली खाकी शर्टाच्या चिंध्यांनी,
खिशावरचं कंपनीचं नाव एका गाठीत गेलं.
बगलेतली फूट रोज नखाने खुडायची,
झाडाला वाटतं आपल्याला पुष्कळ हात असावेत,
त्याला नाही म्हणत राहायचं.
एका घोसात पाच फळं धरली.
चार कापली, सुपारीएवढी होती तेव्हाच.
उमावतीने ती सुक्या सुंगटांत घातली
आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
"उरलेलं एक गळून पडलं तर?"
तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.
मला उत्तर येत नव्हतं.
मी त्याच्याखाली कांद्याच्या जाळीची झोळी बांधली.

मग ते वाढत गेलं. सरळ नव्हे,
खांदे सुटलेलं, एका बाजूला दुमडलेलं,
देठाजवळ टाचेसारख्या भेगा.
सकाळी दंवात हात लावला की गार, जड,
तळहात आपोआप अंदाज घ्यायचा.
कुणी विचारत नसतानाही.

माघातल्या एका पहाटे तोडलं.
सोनाराकडून मागून आणलेल्या काट्यावर ठेवलं.
थरथरला, थांबला.
सहाशे बारा.
मी वहीत लिहिलं: सहाशे बारा. तारीख. सही.
सही करताना जरा वेळ लागला.

पोदेर पाव घेऊन दारात आला, भोंगा वाजवत.
उमावतीने त्याला फळ दाखवलं, दोन्ही हातांत धरून.
"किलोला थोडं कमी," ती म्हणाली.
मी आत होतो. ऐकलं. बोललो नाही.
नऊ वाजेपर्यंत ते किलोचं झालं,
पोदेराची सायकल जिथं जिथं थांबली तिथं तिथं वाढत,
आणि संध्याकाळी देवळाच्या पायरीवर
लोक दीड किलोबद्दल बोलत होते,
मला बघून सरकून जागा देत होते.

बाबुसो पूर्वी ट्रक चालवायचा.
माझ्या खिडकीशी हजारदा थांबलेला माणूस.
सगळे उठून गेल्यावर तो जवळ सरकला.
"पावतीवर काय लिहिलंस?"
"सहाशे बारा."
"आणि काट्यावर?"
"सहाशे बारा."
त्याने मान हलवली, तशीच,
पावती घेऊन गिअर टाकताना हलवायचा तशी,
आणि पुष्कळ वेळ समोरच्या समईकडे बघत राहिला.

अर्धं फळ कितेरियाकडे दिलं, बियांसकट.
अर्धं आम्ही पेजेबरोबर खाल्लं, मीठ लावून.
एका चकतीत अख्खी बशी झाकली गेली.

रात्री विजेरी घेऊन मागे गेलो.
जाळी रिकामी लोंबत होती.
फांदी चार बोटं वर आली होती,
माल उतरवल्यावर
ट्रकचे पाटे येतात तशी.